अवलंबिताच्या रकान्यातला नवरा

आमचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झालं. नागपूरला वर्धा रोडवरचं लॉन, सहाशे पान, वांग्याची भाजी, मठ्ठा, सगळं साग्रसंगीत. तरी मार्च २०२४ उजाडेपर्यंत सरकारदरबारी आम्ही एकमेकांचे कुणीच नव्हतो, कारण नोंदणी करायची राहून गेली होती. ‘करू ना, घाई काय आहे’ म्हणता म्हणता सव्वा वर्ष गेलं. मग बायकोला नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरातून नोकरीचं पत्र आलं आणि घाई झाली.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन महिन्यांत तिघांनी फोन करून मला तेच ते प्रश्न विचारले. तिघंही नवरे. बायकोला नोकरी लागली, आपण मागून निघालो, असे. आपल्यासाठी कागदावर एक शब्द असतो, डिपेंडंट. मराठीत अवलंबित. इतवारीत वडिलांबरोबर बारा वर्षं इलेक्ट्रिकच्या दुकानात बसलेल्या माणसाला तो शब्द पहिल्यांदा वाचताना जरा गिळावाच लागतो. एक मामा तर थेट म्हणाले, “अन् तू काय करून राहिला तिकडे? पोळ्या लाटशील?” (लाटतो. आता बऱ्या होतात.)

जायचं कसं ठरलं ते थोडक्यात सांगतो. धाकटा भाऊ दुकानात बसायला तयार झाला. बाबा म्हणाले, जा. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

बायकोच्या कंपनीने फेब्रुवारीत कागदांची यादी पाठवली. विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे जन्मदाखले, आणि तिन्हींवर अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने कागदाला लावलेलं एक स्टिकर. हेग करारातले देश तो कागद मग खरा मानतात. पण त्याआधी राज्य सरकारचा शिक्का लागतो, म्हणजे आपल्यासाठी मंत्रालय, मुंबई.

११ मार्चला महापालिकेच्या आमच्या झोनच्या ऑफिसात गेलो. नमुना ड भरायचा, शंभराचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आधार कार्डासकट, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. साक्षीदार मिळाले, त्यांना फक्त तर्री-पोहा द्यावा लागला. गुरुजी मात्र उमरेडकडे भागवत सप्ताहात बसलेले. एका रविवारी त्यांच्यामागे जाऊन, आरती होईपर्यंत थांबून सही आणली. लग्न ठरलं असेल तर माझं ऐका, मांडवातच फॉर्मवर गुरुजींची सही घेऊन ठेवा. नंतर ते कुठल्या गावी असतील सांगता येत नाही.

दाखला २२ मार्चला मिळाला. रात्री बायकोने तो बघितला आणि विचारलं, “ही कोण?” बायकोने लग्नानंतर नाव बदललेलं नाही. पासपोर्टवर तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. फॉर्म मात्र मी भरलेला, आणि हात सवयीने पुढे गेला. तिच्या नावापुढे मी माझंच नाव टाकून मोकळा झालो होतो. चूक पूर्णपणे माझी. दुरुस्तीचा अर्ज लगेच टाकला, पण तेव्हा लोकसभेची निवडणूक आली होती. १९ एप्रिलला नागपूरचं मतदान, आणि अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर. दुरुस्त दाखला हातात पडला २९ एप्रिलला. एका शब्दापायी अडतीस दिवस. बायको त्या काळात मला फार काही बोलली नाही, पण घरातला कुठलाही फॉर्म त्यानंतर तीच भरते.

दुसरा घोळ माझ्या जन्मदाखल्याचा. माझा जन्म १९८८ चा. दाखल्यावर आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, वेळ सगळं होतं, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी, आणि जन्माची नोंद त्याआधीच, त्यामुळे माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांचा दाखला असाच आहे. आजच कपाटातून काढून बघा. शाळेची टीसी, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन मी नाव चढवून घेतलं. मला दोन आठवडे लागले.

हे सगळं कधी, तर कूलरच्या सीझनमध्ये. मार्च ते मे म्हणजे दुकानात पाणी प्यायला फुरसत नसते. खस, पंप, मोटार, पंपाच्या वायरी, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. आणि मी गल्ल्यावर भावाला बसवून झेरॉक्सच्या रांगेत. पुढच्या सीझनला मी नसणार, हे बाबा रोज बघत होते आणि काही बोलत नव्हते.

मंत्रालय आणि अपोस्टिलसाठी एजंट धरला. तीन कागदांचे १३,५०० रुपये घेतले. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला पन्नास रुपये आहे हे मला नंतर कळलं. बाकीचे पैसे धावपळीचे. मुंबईत तुमचं कुणी असेल तर स्वतः करून बघा. आम्हाला उन्हाने आणि गिऱ्हाइकाने थकवलं होतं, आम्ही दिले. १४ जूनला कागद आले.

त्यानंतरचं काम कंपनीचं होतं. तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयएनडीकडे, तिचा आणि माझा अर्ज एकत्रच गेला. १८ जुलैला मंजुरी. मग विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, १ ऑगस्टला बोटांचे ठसे, १३ तारखेला पासपोर्ट परत. त्यावर एमव्हीव्ही नावाचा प्रवेशाचा व्हिसा, मुदत नव्वद दिवस.

तिला ९ सप्टेंबरला रुजू व्हायचं होतं म्हणून तिकीट ५ तारखेचं काढलं. गणपती ७ ला. घरात वादळ उठलं. “गणपतीच्या तोंडावर कोणी घर सोडते का?” आत्या म्हणाली. वर महालक्ष्म्यांच्या जेवणाला थोरली सून नाही. ३ तारखेला मारबतीची मिरवणूक, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जा म्हणत काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, बघायला आम्ही दोघं मुद्दाम महाल भागात गेलो. ‘घेऊन जा गे मारबत’च्या गर्दीत मीही ओरडलो. काय घेऊन जायला सांगत होतो, ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं.

सामानाबद्दल दोन गोष्टी. युरोपात प्रवाशाला बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याची मिठाई घरीच ठेवा. फळांनाही कृषी खात्याचा दाखला लागतो. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढी पाच सोडून. म्हणजे नागपूरहून नारळ चालतो आणि संत्रं चालत नाही. दुसरी गोष्ट, आपला मिक्सर तिकडे चालतो. तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. फक्त तीन पिनचा प्लग भिंतीत जात नाही, एक अडॅप्टर घ्या.

आता कुकरचं ऐका. आईने पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर दिला, मी तो अडीच किलो वजन सोसून नेला. कंपनीने सहा आठवड्यांसाठी दिलेल्या फ्लॅटमध्ये गॅस नव्हता, इंडक्शन होतं. कुकर ठेवला, शेगडीने दोनदा टिंग केलं आणि बंद. दुकानात मी स्वतः हजार गिऱ्हाइकांना सांगितलंय, “भाऊ, बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे.” स्वतःची बॅग भरताना ते ज्ञान कुठे गेलं होतं कोण जाणे. तो कुकर सध्या कडधान्याचा डबा आहे. घ्याल तर इंडक्शन बेसचाच घ्या.

तर ७ सप्टेंबरला, शनिवारी, परक्या फ्लॅटमध्ये सुपारीचा गणपती बसला. तांदळाच्या मुठीवर सुपारी, शेजारी नागपूरहून आलेला नारळ, नैवेद्याला पातेल्यातला शिरा. आरतीला दोघंच. आमच्या घरी आरतीला आवाज कमी पडला असं कधी झालंच नव्हतं. दुसऱ्या कडव्याला बायकोला हुंदका आला, मग पुढची आरती मी एकट्याने, बेसूर, पूर्ण केली.

१० तारखेला एक्स्पॅट सेंटरची अपॉइंटमेंट. आइंडहोवनला ही सोय फार चांगली आहे, नगरपालिकेची नोंद आणि आयएनडीचं काम एकाच छताखाली. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून पाच दिवसांत पत्त्याची नोंद करायची असा तिकडचा नियम आहे. अपॉइंटमेंट नागपुरात असतानाच घेऊन ठेवा. शिवाय तात्पुरत्या घराच्या मालकाला आधी विचारा, या पत्त्यावर नोंद करता येईल का? पुष्कळ ठिकाणी येत नाही. नोंद नाही तर बीएसएन, म्हणजे तिकडचा नागरिक नंबर नाही, तो नाही तर पगाराचं काम अडतं, बँक अडते, विमा अडतो.

काउंटरवरच्या बाईने अपोस्टिलवरून बोट फिरवलं, दाखले वाचले आणि विचारलं, “तुमची दोन पहिली नावं आहेत?” मी म्हटलं, नाही, दुसरं वडिलांचं. ती म्हणाली, पासपोर्टवर आडनावाच्या आधी जे काही आहे ते आमच्याकडे पहिलं नाव. झालं. नेदरलँड्सच्या दप्तरात बाबांचं नाव माझंच झालं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर दोन आद्याक्षरं असतात, एक माझं, एक बाबांचं. आणि पाकिटं खूप येतात. हा देश अजून टपालावर चालतो. डिजीडी नावाची सरकारी ऑनलाइन ओळख काढली तरी तिचा कोड घरी पत्राने येतो. दारावरच्या पेटीवर नाव चिकटवायला विसरू नका.

माझ्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डामागे लिहिलं होतं की नोकरी करायला पूर्ण मुभा आहे, वेगळा परवाना नको. हे बऱ्याच नवऱ्यांना आणि बायकांना ठाऊक नसतं. अवलंबित असलात तरी पहिल्या दिवसापासून कामाचा हक्क आहे. भारतीय लोकांना तीन महिन्यांत क्षयाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्स-रे, सरकारी आरोग्य केंद्रात करावी लागते. दहा मिनिटांचं काम. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायचा, पण उशिरा घेतला तरी हप्ते मागच्या तारखेपासूनच लागतात, म्हणून थांबण्यात काही वाचत नाही. त्यात उपचाराच्या खर्चाचे वर्षाचे पहिले ३८५ युरो (२०२५ चा आकडा) आपल्या खिशातून जातात, फॅमिली डॉक्टरची भेट मात्र त्यात धरत नाहीत.

घर शोधणं हा वेगळाच प्रकार. पंचवीसेक अर्ज केले, चार घरं बघायला मिळाली. एक घर बघायला गेलो तर खाली नुसतं सिमेंट. मला वाटलं काम अर्धं राहिलंय. एजंट म्हणाला, हे ‘काल’ आहे, म्हणजे उघडं. फरशी भाडेकरूने आणायची, जाताना उपटून न्यायची. नागपुरात असं घर दाखवलं असतं तर दलालाला चहासुद्धा मिळाला नसता. जाहिरातीत ‘खेस्टॉफेर्ट’ असा शब्द बघा, त्यात फरशी आणि पडदे असतात. १५ ऑक्टोबरला एका खोलीचं घर मिळालं, महिना १,४८० युरो, दोन महिन्यांचं डिपॉझिट. त्यापेक्षा जास्त डिपॉझिट कायद्याने मागता येत नाही, कुणी मागितलं तर सरळ निघून या.

इथवर यादी होती, एकेक खूण करायची आणि पुढे जायचं. खरं जड त्यानंतर गेलं.

बायको सकाळी साडेसातला निघायची, संध्याकाळी पावणेसातला यायची. २७ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे गेली. नागपूरशी साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. माझ्या दुपारी चारला आईची जेवणाची वेळ. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो, मध्ये काय ते ढग. आमच्याकडे लोक सावलीसाठी भांडतात. मी खिडकीत खुर्ची ओढून उन्हाच्या पट्ट्याची वाट बघत बसायचो.

पैसे मागणं हे दुसरं. कुणी अडवलं नव्हतं, पण कार्ड तिचं. सलूनला जायचं तरी सांगून जायचं. दहावीनंतर मी कुणाकडे केस कापायला पैसे मागितले नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी भांडण झालं. ती ऑफिसमधल्या कुणाशी फोनवर बोलत होती, “हो, नवरा सध्या घरीच असतो.” वाक्य साधं होतं. त्यातला ‘सध्या’ मला टोचला. मी काहीतरी लागेल असं बोललो, ती म्हणाली, “मग मी तरी काय सांगायचं?” आणि दोन दिवस अबोला.

नागपुरात अबोला धरायला जागा असते. गच्ची असते, दुकान असतं, फुटाळा तलावावर चहा प्यायला मित्र असतात. आई एखादी वाटी पुढे सरकवते आणि दोघांना एका ताटाशी आणून बसवते. आइंडहोवनला बाहेर तीन डिग्री आणि पाऊस, आत एक खोली, आणि अख्ख्या गल्लीत तुमची भाषा बोलणारा एकच माणूस, ज्याच्याशी तुमचं भांडण झालंय. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की ऑफिसात मीटिंगमध्ये लोक तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणतात, आणि ती दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडून आली होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी घरी आईला खोटं हसून दाखवायचो, तसंच ती मला दाखवत होती.

त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. एक, दोघांच्या नावाचं बँक खाते. माझं कार्ड टपालाने आलं तेव्हा मी उगाच बाहेर जाऊन दीड युरोचा ब्रेड घेऊन आलो. पहिल्या आठवड्यातच हे करा, प्रेम कितीही असू द्या. दुसरी, वाचनालयातला भाषा कट्टा. दर बुधवारी सकाळी, फुकट, सेवाभावी म्हातारी मंडळी आणि कॉफी. आम्हा लोकांना डच शिकायची सक्ती नाही, पण इंग्रजीवर ऑफिस चालतं, गल्ली चालत नाही.

डचमधला ‘ग’ घसा खाकरल्यासारखा असतो, पण आइंडहोवनचा भाग ब्राबांट प्रांतात येतो आणि तिथे तो मऊ बोलतात. निरोपालाही ‘हाउदू’ म्हणतात, त्यावर उत्तरेकडचे हसतात. मला हे ऐकून इतकं घरच्यासारखं वाटलं! पुण्यात आमच्या ‘करून राहिलो’वर हसतात, तेच हे.

कट्ट्यावरच्या बाई सत्तरीच्या, आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या. माझं नाव त्यांना काही केल्या उच्चारता येईना. यादीत बघितलं तर दुसरं नाव सोपं, दोन अक्षरी. त्या दिवसापासून त्या मला बाबांच्या नावाने हाक मारतात. दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. आईने जे नाव उखाण्यापलीकडे कधी तोंडातून काढलं नाही, ते ही बाई दर बुधवारी माझ्याकडे बघून खणखणीत घ्यायची.

त्यांनीच जुनी सायकल मिळवून दिली, १४० युरोत. तिला हाताचा ब्रेक नव्हता, पेडल उलटं मारलं की थांबते. मला शाळेतली सवय, उतारावर पेडल मागे फिरवायची. पहिल्याच दिवशी कालव्याजवळ सपशेल आडवा. पुढचे-मागचे दिवे मात्र लावाच, अंधारात पोलीस दंड करतात.

कामाचं सांगतो. तिथे बांधकामाच्या साइटवर पाय ठेवायला व्हीसीए नावाचं सुरक्षेचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. परीक्षा इंग्रजीतही देता येते. फेब्रुवारीत दिली, मार्च २०२५ पासून आठवड्याला तीन दिवस एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली आहे. वायर ओढतो, पाईप बसवतो. दुकानात मालक होतो, इथे पोऱ्या आहे. फिलिप्सची सुरुवात १८९१ मध्ये याच गावात झाली. बारा वर्षं मी ज्यांचे बल्ब विकले त्यांच्या गावात शिडी धरून उभा आहे, हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “होलसेलचा रेट विचारून ठेव.”

लायसन्सचं राहिलं. आपलं भारतीय लायसन्स नोंदणीपासून १८५ दिवस चालतं. नंतर एरवी पुन्हा परीक्षा, पण बायकोला तिकडची ‘तीस टक्के’ करसवलत मिळत असेल तर तिचं आणि तुमचंही परीक्षेशिवाय बदलून मिळतं. मुदत संपायच्या आत अर्ज करा. माझं एमएच-३१ चं जुनं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं, त्याचं मात्र वाईट वाटलं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता. आई सांबार निवडत होती (नागपूरबाहेरच्यांसाठी, कोथिंबीर), बाबा मागे पेपर वाचत होते. बायको पोळ्या करत होती, रविवार तिचा असतो. तेवढ्यात त्या बाई सफरचंदाचा केक घेऊन दारात आल्या आणि नेहमीसारखी त्या नावाने जोरात हाक मारली.

फोनमधून, नागपुरातून, बाबा पेपर खाली करून म्हणाले, “ओ! कोण आहे?”

आई सांबाराची जुडी तोंडावर धरून हसायला लागली.